हातबाहुलीचे शिर आणि ‘सूत्र’ शब्दाची साक्ष

भारतीय बाहुलीनाट्याच्या इतिहासाची चर्चा बहुधा ‘सूत्रधार’ या एका शब्दापासून सुरू होते. संस्कृत नाटकापूर्वी बाहुल्यांचे खेळ असावेत, असे मत शंकर पांडुरंग पंडित यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. पुढे १९०० साली रिशार्ट पिशेल यांनी हाले विद्यापीठातील व्याख्यानात भारत हेच बाहुलीनाट्याचे माहेरघर असे प्रतिपादन केले. त्यांच्या प्रमाणांत ‘सूत्रधार’ हा शब्द प्रमुख होता. शब्दावरून वस्तूचा इतिहास रचण्याची ही रीत आम्हा भाषाभ्यासकांना प्रिय आहे. तथापि तिच्यात एक धोका आहे, तो असा की ज्या बाहुलीला सूत्रच नाही ती या इतिहासातून आपोआप गळते. हातबाहुलीचे नेमके असेच झाले आहे.

मराठीपुरते पाहावयाचे तर ‘कळसूत्री बाहुली’ हा प्रयोग बोलीत इतका मुरलेला आहे की परतंत्र माणसालाही आपण तेच नाव देतो. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या अशा दोन्ही प्रकारच्या बाहुल्या जतन केल्या आहेत. हातात घालून नाचवावयाच्या बाहुलीला मात्र ‘हातमोजा-बाहुली’ हे अलीकडचे, इंग्रजीच्या वळणाचे नाव द्यावे लागते. मल्याळमची साक्षही पाहण्याजोगी आहे. ‘पाव’ म्हणजे बाहुली. चामड्याच्या खेळाला ‘तोल्’ हे पद लागते, दोरीच्या खेळाला ‘नूल्’ हे पद लागते. परंतु हातबाहुल्यांच्या ‘पावकथकळी’ या नावात हाताचा निर्देशच नाही. जेथे शब्द मुका असतो तेथे वस्तूलाच बोलते करावे लागते, आणि हातबाहुलीत बोलणारा भाग म्हणजे तिचे शिर.

पावकथकळी हा प्रकार अठराव्या शतकात कथकळीच्या प्रभावाने घडला. बाहुलीची उंची एक ते दोन फूट असते. शिर व हात लाकडाचे कोरलेले, आणि त्यांना जोडणारी जाड कापडाची पिशवी. चेहऱ्यावर रंग, सोनेरी पत्र्याचे बारीक तुकडे आणि मोरपिसे. तर्जनी शिरात, अंगठा व मधले बोट दोन हातांत, अशी पकड असते. कथकळीचा नट डोळे आणि भुवया यांनी रस व्यक्त करतो. बाहुलीचा चेहरा मात्र एकदा कोरला की स्थिर. म्हणून भावाचा सारा भार मानेवर, म्हणजे वस्तुतः एका बोटावर येतो.

शिर घडविण्याची रीत या एका गोष्टीतून उलगडते. कळसूत्री बाहुलीचे शिर वरून टांगलेले असते. त्याला थोडे वजन असले तर दोरी ताठ राहते. हातबाहुलीचे शिर खालून तोललेले असते, तेथे वजन हा शत्रू होय. म्हणून लाकूड हलके हवे. ठोकळा डोक्यापेक्षा लांब घ्यावा, म्हणजे मान त्याच लाकडातून निघते. चारही अंगांवर मध्यरेषा आखून, चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी, गिरमिटाने मानेत भोक पाडावे. लाकूड फुटावयाचे तर तेव्हाच फुटते आणि कोरणीचे श्रम वाया जात नाहीत. तर्जनीचे दुसरे पेर आत जाईल इतके ते खोल असावे. सैल झाले तर शिर डुगडुगते, घट्ट झाले तर बोट बधिर होते. हनुवटीखाली मोकळी जागा ठेवावी, नाहीतर बाहुलीला मान लववता येत नाही. मानेच्या तळाशी एक कड ठेवावी; कापड तिच्यावर बांधले जाते. त्यानंतर पटाशीने नाक, भुवया व गाल यांची मोठी वळणे तेवढी काढावीत. बारीक नक्षी प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. नाकाची सावली आणि डोळ्यांचा पांढरा भाग पोचतो. ओठांवर ठाम हसू कोरू नये, कारण तीच बाहुली पुढच्या प्रवेशात रडणार असते.

लाकडाऐवजी कागदाच्या लगद्याचे शिर करतात तेव्हाही नियम हेच. उत्तर प्रदेशातील गुलाबो-सिताबो या भांडखोर जोडीचे खेळ किंवा ओडिशातील राधाकृष्णाचे खेळ पाहावेत. ओडिशात खेळगडी एका हाताने ढोलक वाजवतो व दुसऱ्या हाताने बाहुली नाचवतो. शिर जड असते तर हे शक्यच झाले नसते.

येथे पुन्हा ‘सूत्रधार’ शब्दाकडे वळू. मापाची दोरी धरणारा कारागीर हाही त्याचा संस्कृतातील रूढ अर्थ आहे. बंगालीतील ‘छुतार’ त्याच शब्दापासून आला, आणि आपला ‘सुतार’ही त्याच कुळातला. सुताराच्या बोलीत ‘सूत’ हे इंचाच्या आठव्या भागाचे मापही आहे, आणि मानेच्या भोकात एवढी चूकही खेळ बिघडविण्यास पुरेशी असते. यावरून पिशेल यांचे मत खोटे ठरते असे नव्हे; परंतु ‘सूत्र’ म्हणजे नाचविण्याचीच दोरी हे गृहीत मात्र डळमळते. हातबाहुलीपुरते बोलावयाचे तर तिचे सूत्र घडविणाऱ्याच्या हातात असते.

संग्रहालयाच्या कपाटात हातबाहुली दांडीवर उभी केलेली असते. चेहरा दिसतो, मानेचे भोक दांडीने बुजलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्यास पावकथकळी जवळजवळ लोपली होती. पुढे कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने आणि इरिंजालकुडा येथील जी. वेणू यांच्या प्रयत्नांनी ती पुन्हा उभी राहिली. परंतु प्रत्येक परंपरेला असे भाग्य लाभत नाही. म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या अभ्यासकाने चेहऱ्याच्या छायाचित्राबरोबर शिराचे वजन, भोकाचा व्यास व खोली, आणि कारागीर त्या भागाला कोणता शब्द वापरतो तो शब्द, एवढे तरी टिपून आणावे. कारागीर गेला की शब्द जातो. आणि शब्द गेल्यावर त्या भोकात बोट कसे बसत होते, हे सांगणारे कोणी उरत नाही.