दोन समुद्रांचा संगम

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला शहाजहान बादशहाच्या मुलांचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, दारा शेवटपर्यंत मुसलमान होता का?’ मुले हा प्रश्न घरून आणतात. काहींच्या लेखी दारा शुकोह दीन सोडलेला शहजादा. बाहेर काहीजण त्याला ‘चांगला मुसलमान’ म्हणतात ते बाकीच्या मुसलमानांना हिणवण्यासाठी. त्याने लिहिले काय, हे दोघांपैकी फारसे कोणी वाचलेले नसते.

दाराचा जन्म १६१५ चा, अजमेरचा. तारुण्यातच तो कादिरी सिलसिल्याकडे ओढला गेला. लाहोरचे हजरत मियाँ मीर यांच्यावर त्याची श्रद्धा होती, तर मुल्ला शाह बदख्शी हे त्याचे मुर्शद. त्याचे पहिले पुस्तक ‘सफीनतुल औलिया’ हे १६४० चे, औलियांच्या चरित्रांचे. म्हणजे त्याचा शोध स्वतःच्या घरातून सुरू झाला. १६५३ मध्ये लाहोरला बाबा लाल या साधूंशी त्याचे सवाल-जवाब झाले, तेव्हा तो रिकाम्या हाताने गेलेला नव्हता.

त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी त्याने ‘मजमउल बहरैन’ लिहिले. अर्थ, दोन समुद्रांचा संगम. हे शब्द कुरआन शरीफच्या सूरह कहफमधले आहेत. हजरत मूसा अलैहिस्सलाम इल्मच्या शोधात त्या संगमापर्यंत चालत जातात आणि तिथे भेटलेल्या अल्लाहच्या बंद्याकडे शिकायला तयार होतात. एका पैगंबरालाही दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही. दाराने नाव विचारपूर्वक निवडले होते, असे आम्हाला वाटते.

पुस्तक मात्र भावनेत वाहून गेलेले नाही. ते जवळजवळ एखाद्या कोशासारखे आहे. सूफींचा रूह तर हिंदूंचा आत्मा, इकडे कयामत तर तिकडे महाप्रलय, असे तो शब्दाला शब्द लावून पाहतो. नासूत, मलकूत, जबरूत, लाहूत या चार आलमांशेजारी तो जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीया ठेवतो. सगळे जुळतेच असे नाही. पण दुसऱ्याला समजून घ्यायचे तर आधी त्याचे शब्द शिकावे लागतात, ही त्याची वाट आम्हा शिक्षकांना पटते.

१६५७ मध्ये बनारसच्या पंडित व संन्याशांच्या मदतीने त्याने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. ग्रंथाचे नाव ‘सिर्रे अकबर’, म्हणजे सर्वांत मोठे रहस्य. प्रस्तावनेत तो सांगतो, की आपल्याला तौहीदचा उलगडा हवा होता. त्याने तौरात, जबूर, इंजील वाचले आणि मग उपनिषदांकडे वळला. याच फारसीवरून आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर केले. ते १८०१-०२ मध्ये छापले गेले आणि शोपेनहॉवरसारख्या तत्त्वज्ञापर्यंत पोहोचले.

दाराला ते पाहायला मिळाले नाही. १६५७ मध्येच शहाजहान आजारी पडला आणि भावाभावांत युद्ध पेटले. १६५८ मध्ये सामूगढला दारा हरला. १६५९ मध्ये दीन सोडल्याचा ठपका ठेवून त्याला ठार करण्यात आले. मात्र ती लढाई तख्तासाठी होती, आणि दोन्ही बाजूंना हिंदू-मुसलमान सरदार होते. हे न सांगता शिकवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दिल्लीत हे घडत असताना आपल्या महाराष्ट्रात काय होते? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा, म्हणजे ‘मजमउल बहरैन’च्या सुमारे दहा वर्षे आधीचा. आपण अविंध कुळातले, हे त्यांनी लपवले नाही. लिहिले मात्र ओवीत, गावच्या माणसाला कळेल अशा मराठीत. दाराच्या मदतीला पंडित होते, पदरी खजिना होता. शेख महंमदांजवळ शेजाऱ्यांची भाषा होती. दाराचा ग्रंथ ग्रंथालयात राहिला, शेख महंमद वारकऱ्यांच्या संतमालिकेत जाऊन बसले. त्यांचे स्थान दर्गा की मंदिर, यावर अलीकडच्या वर्षांत वाद झाला. ज्यांनी आयुष्यभर दोन्ही बोली वापरल्या त्यांच्याच दारात हा वाद व्हावा, याचे दुःख होते.

शेख महंमदांचे नाव आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते. मराठी वाचू लागल्यावर, पुष्कळ उशिरा ते कळले. आमच्या विद्यार्थ्यांना एवढा उशीर होऊ नये, म्हणून आता तो प्रश्न आला की आम्ही सांगतो : कोणाचे ईमान कसे होते, याचा हिशेब अल्लाहकडे. त्याने काय वाचले आणि काय लिहिले, हे पाहणे आपल्या हाती आहे. मग फळ्यावर मधोमध रेघ ओढतो. एका बाजूला रूह लिहितो आणि खडू मुलांच्या हाती देतो.