किती लांब, किती वेळ

शिरड शहापुरात कुणाला ‘नांदेड किती लांब?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा किलोमीटरमध्ये येत नाही. ‘वसमतवरून गेलात की तास-सव्वा तास,’ असे ऐकू येते. मला हे उत्तर फार शहाणपणाचे वाटते. प्रवाशाला अंतर जाणवते ते वेळेतूनच. त्या वेळेमागचे अंतर कसे ठरते, याचे शास्त्र पुढे उलगडणार आहे.

उदाहरण आपल्याच मुलखातले घेऊ. नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले. रोज २० किलोमीटर चालणाऱ्यालाही ही वाट दोन महिन्यांहून अधिक पुरते. नांदेड ते अमृतसर हे आकाशातले अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. सचखंड एक्सप्रेस मात्र दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावते, कारण ती आधी पश्चिमेला मनमाड गाठते आणि मग भुसावळ, भोपाळ करत दिल्लीकडे निघते. शहरे तीच, पण रूळ जिथून गेले तिथून अंतर वाढत गेले.

विमानाचा हिशेब सोपा वाटतो. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर पावणेदोन तास. प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच तास धरावे लागतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग मोडणे, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे, हे सगळे त्यात येते. शिवाय वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. उत्तरेला निघालेल्या विमानाला तो कुशीवर लागतो, म्हणून वैमानिक नाक थोडे पश्चिमेकडे वळवून सरळ जातो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्याला हाच झोत समोरून अडवतो आणि परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून जाण्यायेण्याचे तास वेगळे.

पण मुळात ते १,४०० किलोमीटर कुणी मोजले? आज अक्षांश-रेखांशांवरून ते क्षणात निघतात. त्या आकड्यांखाली मात्र माणसांचे आयुष्य आहे. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने पहिली पायारेषा मोजली. उन्हाने साखळी किती लांबते, याचाही हिशेब ठेवला. पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली, काम अर्धवट असताना, आपल्या हिंगणघाटला वारला. भूमापन शिकणाऱ्याने हे गाव विसरू नये.

पुढचे पान उलटण्याआधी शाळेतला पृथ्वीगोल मागून आणा. मुंबई आणि न्यूयॉर्क यांवर दोऱ्याची टोके धरा आणि दोरा ताणा. तो अरबस्तानाकडे जाणार नाही, वर उत्तरेकडे सरकेल. तो का सरकतो, तिथून पहिले प्रकरण सुरू होते.