स्लॅबचा हंगाम

घर बांधणे हे महाराष्ट्रात पूर्वापार ऋतूंच्या ताब्यातले काम होते. सुगी उरकली की पाया खणावा, चैत्र-वैशाखात भिंती चढवाव्या आणि मृग लागण्याच्या आत छप्पर पुरे करावे, हा क्रम कोणा सरकारने हुकूम काढून घालून दिलेला नव्हता, तरी तो मोडण्याची छाती सहसा कोणाला होत नसे. घर उभे राहिल्यावरही ऋतूंचे देणे फिटत नसे. कोकणात आगोटीच्या बेगमीबरोबरच कौले परतणे आणि पडवी शाकारणे हे दर वर्षीचे अगत्याचे काम होते. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदावर उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या मातीचा नवा थर चढे, आणि पहिली सर कोसळली की घरधनी स्वतः वर जाऊन, जेथे भेग दिसेल तेथे माती टाकून पायाने दाबीत असे.

ऐपतदाराच्या वाड्याला चुन्याची गच्ची असे. लोणाऱ्यांनी भाजलेला चुना बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळला जाई; मग विटांच्या तुकड्यांत तो मिसळून कोबा पसरीत, आणि माणसे ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी तो दिवसचे दिवस चोपीत, वरून गुळाचे आणि बेलफळाचे पाणी शिंपडीत. चुना हवेतील कर्बवायू शोषून वर्षानुवर्षे कठीण होत जातो, म्हणून त्याच्या कामात उतावळेपणाला वाव नव्हता.

या संथ व्यवहारात सिमेंट आले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागले. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबईच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी सळईच्या काँक्रीटच्या चाळी उठविल्या. आणि पुढील दशकात मरीन ड्राइव्हवर त्याच काँक्रीटची गोलाकार सज्जांची श्रीमंत घरे उभी राहिली. गिरणी कामगार आणि धनिक या दोघांच्याही डोक्यावर आता एकाच पदार्थाचे छत होते. कौले परतायला नकोत, माती चढवायला नको, एकदा स्लॅब पडला की दोन-तीन पिढ्यांची निश्चिंती, हा समज याच काळात रुजला. आपल्या गृहजीवनाला इतका महाग पडलेला दुसरा समज माझ्या पाहण्यात नाही.

कारण काँक्रीट हे ऋतूंच्या अंमलातून सुटलेले द्रव्य नव्हेच. ते वाळून घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते, आणि तो संयोग पूर्णत्वास जाण्यापूर्वी पाणी उडून गेले तर काम जन्मभर अशक्त राहते. वैशाखातल्या दुपारी, विशेषतः विदर्भाच्या कोरड्या वाऱ्यात, आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा पृष्ठभागावरचे पाणी अधिक वेगाने उडते आणि कोवळ्या स्लॅबवर काही तासांतच भेगा उमटतात. उन्हाने माल लवकर आवळू लागला की मजूर तो सैल करण्यासाठी आणखी एक बादली ओततो. पाण्याचे सिमेंटशी प्रमाण वाढले की काँक्रीटचे बळ घटते हे डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ सालीच प्रयोगांनी दाखविले होते, परंतु त्या बादलीचा मोह अजून सुटलेला नाही. भारतीय मानक संस्थेने १९५३ साली काँक्रीटकामाची संहिता प्रसिद्ध केली, आणि पुढे १९७५ साली उष्ण हवेतील कामासाठी स्वतंत्र नियम घालून देताना काँक्रीट ओततेवेळी त्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असे सांगितले.

जाणत्या मिस्त्रीला या नियमांचे मर्म ठाऊक असते. तो उजाडण्यापूर्वी काम सुरू करतो, खडीच्या ढिगावर आणि सेंट्रिंगच्या पत्र्यांवर आधी पाणी मारून घेतो, घमेल्यांची साखळी मध्ये तुटू देत नाही. आणि माल आवळला की स्लॅबवर मसाल्याचे बोटभर उंचीचे बांध घालून वाफे पाडतो व त्यांत पाणी भरून ठेवतो. कॉलमला ओले गोणपाट गुंडाळले जाते. निदान सात दिवस, आणि कडक उन्हाळ्यात त्याहून अधिक, ते पाणी आटू द्यायचे नसते. त्या दिवसांत पहाटे उठून वाफे भरणारी घरातली बाई त्या इमारतीच्या आयुष्यात जी भर घालते तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

पावसाची तऱ्हा निराळी. ताज्या स्लॅबवर सर आली की वरचा सिमेंटचा लगदा धुपून खडी उघडी पडते, म्हणून ताडपत्री हाताशी लागते. पण खरी फसगत वाळूच्या ढिगात असते: ओलसर वाळू फुगते, घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमी भरते, आणि तिच्यातले पाणी हिशेबाबाहेर मालात शिरते.

बांधून झाल्यावर पावसाळा दर वर्षी परत येतो. हवेतील ज्या कर्बवायूने चुना कठीण होत असे, तोच काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जाऊन सळईचे संरक्षण करणारा क्षारधर्म नाहीसा करतो. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यातले क्षार त्याला साहाय्य करतात. गंजलेली सळई फुगते आणि गिलाव्यासह काँक्रीटचे पापुद्रे खाली येतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविल्यानंतर मालकांनी गच्चीकडे पाहणे सोडले, आणि अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला कायदा करून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. दरम्यान सिमेंटच्या स्लॅबवर गळती थांबविण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा पुन्हा चढला होता, आणि आता मुंबईच्या असंख्य गच्च्यांवर पत्र्याच्या शेडी दिसतात. ज्या छपरापासून सुटका हवी होती तेच छपरावर छप्पर होऊन परत आले आहे.

वास्तविक आपल्याकडे काँक्रीटला सर्वांत मानवणारा ऋतू हिवाळा. बळ थोडे सावकाश येते आणि सेंट्रिंग काही दिवस अधिक ठेवावे लागते, एवढेच. परंतु शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सुगीनंतर, मजूरही तेव्हाच मोकळा होतो आणि पेरणीच्या वेळी गावाकडे परततो. म्हणून खेड्यातला स्लॅब पडतो तो बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा विहिरीने तळ गाठलेला असतो. टंचाईच्या वर्षी तर पिण्याचे पाणी बांधकामास वापरण्यास मनाई होते, आणि घरमालक टँकरची वाट पाहत वाफ्यांतले पाणी आटताना बघतो. अशा वर्षी स्लॅब दिवाळीनंतरपर्यंत पुढे ढकलणारा गृहस्थ गावात चेष्टेचा विषय होतो; त्याचा निर्णय मात्र बरोबर असतो.