रंजक वाईट चित्रपट

निर्मितीतील दोषांमुळेच प्रेक्षकांचे मनोरंजन करणाऱ्या चित्रपटांना रंजक वाईट चित्रपट म्हणता येते. ते बहुधा मित्रमंडळींसह, एकापाठोपाठ एक पाहिले जातात.

अशा बैठकीसाठी केवळ कंटाळवाणा चित्रपट निरुपयोगी ठरतो. कर्त्याने मनापासून काही गंभीर घडवू पाहिले आणि ते फसले, तरच खरी गंमत येते. एड वूड यांचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' हा याचा प्रसिद्ध नमुना होय. त्यातील अभिनेते बेला लुगोसी यांचे इ.स. १९५६ मध्ये निधन झाले. वूड यांनी त्यांची आधी चित्रित केलेली मोजकी दृश्ये वापरली. उरलेल्या प्रसंगांत त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या मणक्यावर उपचार करणाऱ्या गृहस्थाला तोंडासमोर झगा धरून उभे केले. हे गृहस्थ लुगोसींहून स्पष्टपणे उंच होते. इ.स. १९८० मध्ये 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवले आणि त्याची कीर्ती वाढली. 'शार्कनेडो' (२०१३) सारख्या हेतुपुरस्सर हास्यास्पद चित्रपटांत हा निरागसपणा नसतो.

हिंदीत कांती शाह दिग्दर्शित 'गुंडा' (१९९८) विशेष लोकप्रिय आहे. मिथुन चक्रवर्ती त्याचे नायक असून मराठी अभिनेते मोहन जोशी यांचीही त्यात भूमिका आहे. खलपात्रांचे यमकबद्ध संवाद चाहत्यांना तोंडपाठ असतात. मात्र त्यात बलात्काराचे प्रसंगही आहेत आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. सोबत कोण बसणार आहे, हे पाहूनच त्याची निवड करणे इष्ट ठरते.