विद्युत रोध आणि शक्ती : दाब व प्रवाह यांवरून गणन

वाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह ही दोन मापे हाती असली, की भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती मिळते. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये घेतल्यास उत्तरे अनुक्रमे ओहम आणि वॅट या एककांत येतात. 12 व्होल्टच्या बॅटरीवर मोटारगाडीचा दिवा 5 अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याचा त्या वेळचा रोध 2.4 ओहम आणि शक्ती 60 वॅट.

गुणाकाराचे कारण एककांच्या व्याख्येतच आहे. एक व्होल्ट म्हणजे दर कूलोम विद्युतभारामागे एक ज्यूल ऊर्जा. एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम. गुणाकारात कूलोम कटतो आणि दर सेकंदाचे ज्यूल, म्हणजेच वॅट, उरतात. म्हणून हे गणित दिवा, मोटर, बॅटरी अशा कोणत्याही भाराला त्या त्या क्षणी लागू पडते. भागाकाराचे तसे नाही. तो कशाचाही करता येतो, पण उत्तर कायम राहीलच असे नाही. ते केव्हा कायम राहते हे ओहमचा नियम सांगतो : तापमान स्थिर असलेल्या धातूच्या वाहकात प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो. विद्यार्थ्यांना पाठ करायला लावला जाणारा तीन अक्षरांचा (V, I, R) त्रिकोण नेमका हाच भेद झाकून टाकतो.

गेओर्ग झिमोन ओहम (1789–1854) हे जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकी शिकवीत. त्या काळच्या विद्युत घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरे, त्यामुळे मापे जुळत नसत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे तापयुग्म, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातील फरकावर दाब देणारी जोडी, वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिर झाला आणि वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारांतून नियम स्पष्ट दिसू लागला. 1827 मध्ये त्यांचा ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला, पण मायदेशी त्याचे थंडे स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कॉप्ली पदक दिले. त्याच सुमारास जेम्स ज्यूल यांनी तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते हे दाखवले.

नियमाची मर्यादा जुन्या टंगस्टन बल्बमध्ये चांगली दिसते. 230 व्होल्टवरील 60 वॅटच्या बल्बमधून सुमारे 0.26 अँपिअर प्रवाह जातो. म्हणजे पेटलेल्या तंतूचा रोध सुमारे 880 ओहम. विझलेल्या, थंड बल्बचा रोध मोजल्यास तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. बटण दाबताच क्षणभर मोठा प्रवाह धावतो, आणि बल्ब बहुधा तेव्हाच उडतो.

शक्ती दोन रूपांत लिहिता येते : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, किंवा दाबाचा वर्ग भागिले रोध. रोध वाढला की उष्णता वाढते की घटते, हा गोंधळ इथूनच होतो. काय स्थिर आहे ते आधी पाहावे. घरात दाब जवळपास स्थिर असतो, म्हणून कमी रोधाचे उपकरण जास्त तापते. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो. त्याचा रोध सुमारे 26.5 ओहम. दाब 180 व्होल्टवर घसरला, तर शक्ती सुमारे 1225 वॅट उरते आणि पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. विहिरीवरच्या पंपाचे उलट होते. पाणी उपसण्याचा भार तेवढाच असल्याने कमी दाबात मोटर जास्त प्रवाह ओढते, आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढून ती जळते.

दूरच्या वहनातही हाच वर्ग निर्णायक ठरतो. चंद्रपूर ते पडघे या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीची क्षमता 1500 मेगावॅट आहे. एका तारेवर अधिक 500 व दुसरीवर उणे 500 किलोव्होल्ट दाब असल्याने 1500 अँपिअर पुरतात. दाब दहावा हिस्सा ठेवला असता, तर प्रवाह दसपट आणि त्याच तारांतील नुकसान शंभरपट झाले असते.

प्रत्यावर्ती प्रवाहात मोटरसारख्या भारासाठी गुणाकाराला शक्तिगुणकाची, म्हणजे त्या गुणाकाराचा किती हिस्सा खरी शक्ती ठरतो हे सांगणाऱ्या अंकाची, जोड लागते. 230 व्होल्टवर 3 अँपिअर घेणाऱ्या मोटरचा शक्तिगुणक 0.8 असेल, तर खरी शक्ती 690 नव्हे, 552 वॅट. तिथे भागाकाराने येणारे सुमारे 77 ओहम हा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, होय; वाइंडिंगच्या तारेचा रोध त्याहून बराच कमी असतो.

मोजताना व्होल्टमापक समांतर आणि अँपिअरमापक एकसर जोडतात. रोध फार लहान असल्यास व्होल्टमापक थेट त्याच्याच टोकांना लावावा, नाहीतर अँपिअरमापकाचा रोधही हिशेबात मिसळतो. मल्टिमीटर रोधाच्या खुणेवर स्वतःच्या बॅटरीचा प्रवाह सोडून मोजत असल्याने त्याआधी पुरवठा तोडणे आवश्यक आहे.