‘एकट्या’ लिव्हिंग्स्टनचा प्रवास आणि वाट जाणणारा सेक्वेबू

१/
केपटाउनहून निघायचे, कलाहारीच्या कडेने उत्तरेला जायचे, झांबेझीवरचा महाधबधबा पाहायचा आणि पूर्वेकडे हिंदी महासागर गाठायचा. आफ्रिकेच्या दक्षिण भागात एकट्याने भटकंती आखणारा आजचा तरुण नकाशावर जी रेघ ओढतो, तिचा बराचसा भाग डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८५२ ते १८५६ या काळात पार केला. हा प्रवास एका गोऱ्या माणसाचे एकट्याचे साहस म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची आखणी मात्र एकट्याची नव्हती.

२/
आखणीचा पहिला भाग केपटाउनमध्ये झाला. १८५२ च्या एप्रिलमध्ये लिव्हिंग्स्टनने पत्नी मेरी आणि चार मुले यांना जहाजाने ब्रिटनला पाठवले. केपच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ थॉमस मॅक्लिअर याच्याकडून त्याने ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढण्याचे शिक्षण पक्के केले. आपण कोठे आहोत हे त्याला आता अचूक सांगता येणार होते. पुढे कसे जायचे, हे मात्र आकाश सांगत नव्हते.

३/
ते ज्ञान लिन्यांतीला होते. आजच्या नामिबिया-बोट्स्वाना सीमेजवळील ही मकोलोलो लोकांची राजधानी. १८५३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन तेथे पोहोचला, तेव्हा राजा सेकेलेटू जेमतेम अठरा वर्षांचा होता. राज्यात हस्तिदंत मुबलक होते. पण ते समुद्रापर्यंत नेऊन थेट विकण्याची वाट हाती नव्हती. लिव्हिंग्स्टनलाही गुलामांच्या व्यापाराला पर्याय ठरेल असा व्यापारी मार्ग हवा होता. दोघांची गरज येथे जुळली.

४/
म्हणून पश्चिमेला लुआंडाकडे निघालेली मोहीम मुख्यतः राजाच्या बळावर उभी राहिली. माणसे त्याची, हस्तिदंत त्याचे, आणि वाटेतल्या प्रमुखांना निरोप धाडणारा शब्दही त्याचाच. ११ नोव्हेंबर १८५३ रोजी लिव्हिंग्स्टनबरोबर २७ जण निघाले. त्यांपैकी मूळचे मकोलोलो दोघेच. बाकीचे त्यांच्या सत्तेखालील बारोत्से, बातोका आदी जमातींचे. निरनिराळ्या बोली जाणणारी अशी माणसे सोबत असणे हीसुद्धा तयारीच होती.

५/
लिव्हिंग्स्टनचे सामान थोडके होते: काही बंदुका, मणी, थोडा चहा, साखर आणि कॉफी, एक लहान तंबू, अंगावर घ्यायला मेंढीचे कातडे, सेक्स्टंट, होकायंत्र, बायबल आणि चित्रे दाखवण्याचा ‘जादूचा कंदील’. बैलगाडी लिन्यांतीतच ठेवावी लागली. त्सेत्से माशीच्या टापूत बैल जगत नसत. त्यामुळे माशी कोठे आहे आणि कोठे नाही, यावर वाट ठरे. ही माहिती स्थानिकांच्या अनुभवात साठलेली होती.

६/
हिवतापाने लिव्हिंग्स्टन वारंवार कोसळला. चोक्वे प्रमुखांनी आपल्या मुलखातून जाऊ देण्याबद्दल एक माणूस, एक बैल किंवा एक बंदूक असे मोल मागितले. माणूस देणे म्हणजे सोबत्याला गुलामीत लोटणे. लिव्हिंग्स्टनने ते नाकारले आणि सोबतीही त्याच्याभोवती उभे राहिले. ३१ मे १८५४ रोजी तांडा लुआंडाला पोहोचला, तेव्हा त्याच्या अंगात त्राण नव्हते.

७/
लुआंडात त्याचे सोबती स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सरपण गोळा करून विकले, एका ब्रिटिश जहाजातील कोळसा उतरवण्याचे काम घेतले आणि कमाई गाठीला बांधली. लिव्हिंग्स्टनला जहाजाने मायदेशी जाण्याची संधी होती. तो गेला नाही. या माणसांना घरी पोहोचवणे हे त्याने आपले बंधन मानले. १८५५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वजण जिवंत परतले. सेकेलेटूला लुआंडाहून आलेला कर्नलचा गणवेश मिळाला.

८/
पश्चिमेची वाट व्यापाराला फारच अवघड ठरली. म्हणून ३ नोव्हेंबर १८५५ रोजी पूर्वेकडे कूच झाले. या वेळी राजाने ११४ माणसे, बैल, आणि वाटेत होडी विकत घेण्यासाठी कुदळी व मणी दिले. शिवाय एक माणूस दिला, ज्याचे मोल या सर्वांहून अधिक होते: सेक्वेबू.

९/
सेक्वेबूला लहानपणी मातबेले लोकांनी पकडून नेले होते. ज्या टोळीत तो कैदी होता ती टेटेजवळच्या प्रदेशात गेली आणि तेथेच तो वाढला. झांबेझीचे दोन्ही काठ त्याने अनेकदा पायाखाली घातले होते. तेथील बोली त्याला अवगत होत्या. कैदेत काढलेले बालपण आता मोहिमेचा नकाशा झाले.

१०/
त्याच नोव्हेंबरमध्ये लिव्हिंग्स्टनने धबधबा पाहिला. स्थानिक लोक त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे ‘गर्जणारा धूर’, म्हणत. लिव्हिंग्स्टनने त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. तेथून पुढे माशी आणि खडकाळ मुलूख टाळण्यासाठी सेक्वेबूने नदीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला आणि १८५६ च्या मार्चमध्ये तांडा टेटेला पोहोचला.

११/
पायी चालणाऱ्यांसाठी हा सल्ला उत्तम होता. चूक झाली ती नंतरच्या निष्कर्षात. नदी सोडून चालल्याने काहोरा बासाचे खळाळ लिव्हिंग्स्टनने पाहिलेच नाहीत. तरीही झांबेझी हा आत जाण्याचा जलमार्ग होईल, असे त्याने धरून चालले. १८५८ मध्ये तो सरकारी मोहीम आणि आगबोट घेऊन परतला, तेव्हा त्याच खडकांनी वाट रोखली. जी वाट आपण चाललो नाही, तिची खात्री देण्याची ही किंमत होती.

१२/
बहुतेक सोबती टेटेला थांबले. १८५८ मध्ये लिव्हिंग्स्टन परतला तोवर त्यांतील अनेकजण देवीच्या साथीने दगावले होते. सेक्वेबू मात्र त्याच्यासोबत समुद्रापर्यंत गेला. तिकडची थंडी सोसणार नाही, असे सांगूनही तो ‘फ्रॉलिक’ या ब्रिटिश जहाजावर चढला. खलाशांचा तो आवडता झाला, थोडी इंग्रजी शिकला. पण अथांग समुद्र आणि रोजच्या अनोळखी गोष्टी यांचा ताण त्याच्या मनाला पेलला नाही. १८५६ च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसला पोहोचताच त्याने पाण्यात उडी घेतली आणि नांगराची साखळी धरून तो स्वतःला खाली ओढत गेला. देह सापडला नाही.

१३/
ही हकिगत लिव्हिंग्स्टनने १८५७ च्या आपल्या प्रवासग्रंथात स्वतःच लिहून ठेवली आहे. राजाचे उपकारही त्याने लपवले नाहीत. एकट्या वीराची प्रतिमा पुढे वाचकांनी, वृत्तपत्रांनी आणि साम्राज्याने घडवली. आज धबधब्यापाशी लिव्हिंग्स्टनचा पुतळा आहे, पलीकडच्या झांबियात त्याच्या नावाचे शहर आहे. अनोळखी मुलखात सेक्वेबू त्याचा वाटाड्या होता. सेक्वेबू अनोळखी समुद्रावर गेला, तेव्हा त्याची वाट जाणणारे कोणी सोबत नव्हते. या साऱ्या प्रवासात खऱ्या अर्थाने एकटा पडलेला माणूस तोच.