पंप, पाणी आणि गाळणी

१८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डीझेलचं इंजिन यशस्वी ठरलं, तेव्हा इंधन सिलिंडरमध्ये फवारायला दाबाखालची हवा लागे. तिचा कॉम्प्रेसर इतका अवजड, की इंजिन कारखान्यात नाहीतर जहाजावरच शोभे. त्याला रस्त्यावर रुळवलं ते सुटसुटीत इंजेक्शन पंपानं. बॉशनं १९२७ मध्ये त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. पण या पंपात दट्ट्या आणि नळकांडं यांच्यातली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. डोळ्यांना न दिसणारी धूळही इथे कानशीचं काम करते. म्हणून डिझेलगाडीत फिल्टरला इतकं महत्त्व आलं.

१९६७ पासून निघालेल्या मर्सिडीजच्या टी-टू गाड्यांची युरोपात अनेकांनी फिरती घरं केली. अशी गाडी हिवाळाभर उभी राहते. अर्ध्या टाकीत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा चिकटा वाढतो.

मग हौशी मालक सर्वांत बारीक फिल्टर आणून टाकीलगत बसवतो. तिथेच फसतो. फीड पंप ज्या बाजूनं इंधन ओढतो, तिथे बारीक फिल्टर लवकर तुंबतो आणि इंजिन नेमकं घाटात दम तोडतं. फीड पंपाआधी जाड फिल्टर हवा, पाणी काढायच्या वाटीसह. बारीक फिल्टर पंपानंतर. दोन्ही एक्झॉस्टपासून दूर, आणि रस्त्याकडेला पावसातही हात पोहोचेल अशा जागी.